झिओलाइटच्या गुठळ्या सॉनिकेटरने फुटत नाहीयेत. नेमकं काय चुकतंय?

निवळी
नमस्कार मंडळी. मी पीएचडी करते, विषय पाणी गाळण्याच्या पापुद्र्यांचा. आरओच्या पापुद्र्यात झिओलाइट-ए (आतून बारीक छिद्रांची चौकट असलेला पदार्थ) याचे नॅनोकण घालून पाणी जास्त वेगाने जातं का, ते पाहायचंय. २००७ साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या गटाने ही कल्पना मांडली. त्यातूनच नॅनोएचटूओ ही कंपनी उभी राहिली आणि २०१४ मध्ये ती एलजी केमने घेतली. म्हणजे गोष्ट होण्यासारखी आहे. माझ्याकडूनच होत नाहीये.

टेट्रामिथाइल अमोनियम हायड्रॉक्साइड वापरून कण केले. सेममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) एकेक दाणा शंभर नॅनोमीटरच्या आसपास दिसतो, पण सगळे द्राक्षाच्या घडासारखे एकमेकांना चिकटलेले. पाण्यात टाकून बाथ सॉनिकेटरमध्ये (श्राव्यातीत ध्वनीने हलवणाऱ्या पाण्याच्या टाकीत) एक तास ठेवले, तरी डीएलएस (विखुरलेल्या उजेडावरून कणांचा आकार मोजणारं यंत्र) साडेनऊशे नॅनोमीटर दाखवतं. दुसरा तास दिला तर नऊशे. व्हायल टेबलावर ठेवली की चहा पिऊन येईपर्यंत तळाशी पांढरा साका. पुढे हेच कण हेक्झेनमध्ये ट्रायमेसॉइल क्लोराइडबरोबर (ज्यापासून पापुद्रा बनतो ते रसायन) घालायचे आहेत, आणि तिथे तर पापुद्र्यावर नुसत्या डोळ्यांना दिसतील असे पांढरे ठिपके पडतात.

बाथ ४० किलोहर्ट्झचा आहे. डिपार्टमेंटमध्ये प्रोब सॉनिकेटरही (थेट द्रवात बुडवायची कंप पावणारी दांडी) आहे, पण तो मिळवायला आठवडाभर आधी वहीत नाव घालावं लागतं. प्रोब घेतला तर काम होईल का, एवढंच विचारायचं होतं. सविस्तर सांगितलंत तर फारच बरं.

भिंगरी
वाचतेय. आमच्याकडे टायटॅनियम डायऑक्साइडचं हेच रडगाणं आहे.

कोलॉइडवाला
प्रोबचं नंतर बघू. आधी हे सांग, कण तयार झाल्यावर वाळवलेस का? आणि भट्टीत घातलेस का?

निवळी
हो दादा. सेंट्रिफ्यूज करून धुतले, ओव्हनमध्ये १०० अंशांवर रात्रभर ठेवले, अ‍ॅगेटच्या खलात घोटले आणि टेम्प्लेट, म्हणजे कणांच्या आत अडकलेलं ते टेट्रामिथाइल अमोनियम, जाळायला ५५० अंशांवर सहा तास.

कोलॉइडवाला
मग उत्तर तिथेच आहे. आपण सगळ्यालाच गुठळी म्हणतो, पण गुठळ्या दोन जातींच्या असतात. एकीत कण नुसते जवळ आलेले असतात, व्हॅन डर वाल्स ओढीने किंवा मधल्या पाण्याने धरून ठेवलेले. दुसरीत ते रासायनिक बंधांनी जोडलेले असतात. पहिली सॉनिकेटरने सुटते. दुसरी सुटत नाही, आणि सुटलीच तर सांध्यावरच तुटेल याची खात्री नाही, कणच मधून फुटू शकतो.

ओव्हनमध्ये काय होतं ते डोळ्यांसमोर आण. पाणी आटत जातं तसं दोन कणांमध्ये शेवटचा थेंब अडकतो. त्याचा बाक कणांना एकमेकांकडे ओढतो, आणि कण जितके लहान तितकी ही ओढ त्यांच्या वजनाच्या मानाने भयंकर मोठी. दोघांच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट समोरासमोर येतात. भट्टीत त्यांच्यातून पाण्याचा रेणू निघून जातो आणि सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा पूल तयार होतो. हा पूल आणि कणाच्या आतली चौकट एकाच मालाची. एका तासाच्या बाथने तो का तुटावा?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नॅनोझिओलाइट वाळवायचा नाही. तो जन्मतो पाण्यात, आणि राहू द्यायचा पाण्यातच.

सायली_नगर
मी रसायनशास्त्रातली नाही, पण पिठल्यात डाळीचं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की जी गुठळी होते ती नंतर कितीही घोटली तरी आतून कोरडीच राहते. म्हणून आधी गार पाण्यात कालवून घेतो. तसंच ना हे?

कोलॉइडवाला
ताई, पहिल्या जातीच्या गुठळीला तुमचं उदाहरण चपखल बसतं. बाहेरचा थर भिजून चिकट झाला की पाणी आत शिरत नाही, पावडर ओली करतानाही हेच होतं. भट्टीतून निघालेली मात्र चिक्की असते. ती कालवून सुटत नाही, फोडावीच लागते.

प्रोबभक्त
मला इतकं निराश व्हायचं कारण वाटत नाही. आम्ही वाळवलेला झेडएसएम-५ (हाही एक झिओलाइट) प्रोबने दोन तास मारला आणि मायक्रॉनवरून तीनशे नॅनोमीटरवर आणला. बाथ आणि प्रोब यांची तुलनाच नाही. बाथची शक्ती अख्ख्या टाकीत पसरते. प्रोबची बोटाएवढ्या टोकातून बाहेर पडते. निवळी, वहीत नाव घाल.

तांबेरा
नमस्कार. मी जहाजदुरुस्तीत तीस वर्षं काढली, आता निवृत्त. हा धागा उघडला कारण सॉनिकेटर जे करतो ते मी प्रोपेलरवर पाहिलंय. ड्राय डॉकमध्ये जहाज घेतलं की पात्यांच्या पाठीवर कडेला पितळ मधमाशांच्या पोळ्यासारखं खाल्लेलं दिसायचं. बोट फिरवलं तर कानशीसारखं लागायचं. नवीन पोरं म्हणायची गंज आहे. गंज नव्हे. पातं वेगाने फिरताना पाण्याचा दाब इतका पडतो की पाण्यात पोकळ बुडबुडे होतात, आणि दाब परत चढला की ते आतल्या आत कोसळतात. पाण्याचे हे बुडबुडे मिश्रधातू खातात.

लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली याचं गणित मांडलं, पाण्यातली गोल पोकळी कोसळताना किती दाब तयार होतो याचं. त्याच काळात पॉल लांजव्हँ क्वार्ट्‌झच्या स्फटिकांतून पाण्याखाली श्राव्यातीत ध्वनी सोडत होते, पाणबुड्या शोधायला. तुमच्या टेबलावरच्या यंत्रात हे दोन्ही एकत्र आलंय. आम्ही आयुष्यभर जे टाळायला बघितलं ते तुम्ही मुद्दाम करता, याची मला मोठी मौज वाटते.

निवळी
काका, किती सुंदर लिहिलंत! पोळ्यासारखं खाल्लेलं पितळ अगदी डोळ्यांसमोर आलं.

सीमापार
तांबेराकाकांचा मुद्दाच पुढे नेते. (मी जर्मनीत पोस्टडॉक करते, काम कॅटॅलिस्टवर.) बुडबुडा कोसळतो तेव्हा त्याच्या आत क्षणभर सुमारे ५००० केल्विन तापमान आणि हजार वातावरणांच्या घरातला दाब होतो. मोठ्या पृष्ठभागाजवळ कोसळला तर एका बाजूने आत वळतो आणि पाण्याची बारीक धार त्या पृष्ठभागावर आदळते, वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास. प्रोपेलर खाल्ला जातो तो या धारांनी आणि धक्क्याच्या लाटांनी. पण शंभर नॅनोमीटरचा कण बुडबुड्याच्या मानाने इतका लहान असतो की त्याच्यावर धार तयार होत नाही. गुठळीला लागते ती मुख्यतः धक्क्याची लाट आणि पाण्याची ओढाताण. त्यामुळे मोठ्या गुठळ्या पटकन फुटतात, लहान व्हायला लागल्या की वेग मंदावतो आणि एका आकाराला येऊन थांबतो. निवळीचं साडेनऊशेवरून नऊशे म्हणजे बहुधा तोच टप्पा. त्या बाथमध्ये रात्रभर ठेवलंस तरी फार काही होणार नाही.

आणि प्रोबभक्त, दोन तासांनंतर एक्सआरडी (स्फटिकाची चौकट तपासणारी क्ष-किरण चाचणी) केलं होतं का? द्रवाचा रंग करडा झाला होता का? प्रोबचं टोक टायटॅनियमच्या मिश्रधातूचं असतं आणि तेही प्रोपेलरसारखंच झिजतं. दोन तासांत त्याची भुकटी नमुन्यात उतरते. झिओलाइटची चौकट ढासळली तर एक्सआरडीचे पीक बुटके होतात आणि खाली पसरट फुगवटा येतो. आकार तीनशे झाला, पण आत झिओलाइट उरला का, हे बघायलाच हवं.

प्रोबभक्त
करडा झाला होता, हे खरं. तेव्हा ते कार्बन समजून सोडून दिलं. एक्सआरडी फक्त आधीचं आहे, नंतरचं करून घेतो. मुद्दा मान्य.

खडकवेडा
अवांतर आहे, पण झिओलाइटचा धागा आणि दगडांचं नाव नाही असं कसं! आपण ज्या बेसॉल्टवर राहतो, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्याच्या पोकळ्यांत जगातले अत्यंत देखणे झिओलाइट सापडतात. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत गुलाबीसर स्टिल्बाइट आणि त्यावर निळेशार कॅव्हन्साइटचे गोळे. कॅव्हन्साइट स्वतः झिओलाइट नाही, पण सोबत त्यांचीच. जळगाव, नाशिककडे स्कोलेसाइटच्या सुया. मी विहीर खणताना निघालेल्या दगडातून हाताच्या पंजाएवढा स्टिल्बाइट काढलाय, गव्हाच्या पेंढीसारखा मधे आवळलेला.

नावही त्यावरूनच पडलं. स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५६ साली असा दगड तापवला तर तो उकळल्यासारखा फसफसला, वाफ निघाली. ग्रीकमध्ये उकळणारा दगड, म्हणून झिओलाइट. हे दगड दळून नॅनो नाही का करता येणार?

कोलॉइडवाला
फोटो टाका हो त्या पेंढीचा! दळून बारीक होतं, पण दळताना चौकट मोडते आणि आकार वेडेवाकडे येतात. शिवाय झिओलाइट-ए आपल्या दगडांत सापडत नाही, तो प्रयोगशाळेतलाच. कपडे धुण्याच्या कित्येक पावडरींत मात्र तोच असतो, पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवायला.

यावरून आठवलं. निवळी, डिस्पर्शन, म्हणजे कण पाण्यात पसरवणं, कुठल्या पाण्यात करतेस?

निवळी
कण करताना डीआय, म्हणजे क्षार काढलेलं पाणी. डिस्पर्शनला मात्र लॅबच्या फिल्टरचं पाणी, कारण डीआयचा कॅन दुसऱ्या मजल्यावरून आणावा लागतो. आता मीटर लावून पाहिलं. टीडीएस ३८०.

कोलॉइडवाला
ही दुसरी चूक, आणि माझ्या मते पहिलीइतकीच मोठी. सॉनिकेटर कणांना वेगळं करतो, वेगळं ठेवत नाही. वेगळं ठेवायचं काम पृष्ठभागावरच्या विद्युतभाराचं. अल्कधर्मी पाण्यात झिओलाइटचे कण ऋणभारित असतात, प्रत्येकाभोवती आयनांचं कवच असतं आणि कवचं एकमेकांना ढकलतात. साध्या मिठाच्या १ मिलिमोलर द्रावणात या कवचाची जाडी सुमारे १० नॅनोमीटर. १०० मिलिमोलरला एकच नॅनोमीटर उरते. कॅल्शियमसारखा दोन भारांचा आयन असेल तर त्याहून कितीतरी कमी क्षाराने ते मोडतं. सॉनिकेटरने सोडवलेले कण फिल्टरच्या पाण्यात पुन्हा एकमेकांना भेटत होते. तू दोन तास एका हाताने सोडवत आणि दुसऱ्या हाताने बांधत होतीस.

झेटा पोटेन्शियल, म्हणजे या भाराचं माप, मोजून घे. उणे ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे असेल तर टिकतं, असा ढोबळ नियम. पीएच ९ ते १० ठेव. आणि आम्लाच्या बाजूला अजिबात जाऊ नकोस. झिओलाइट-एमध्ये अ‍ॅल्युमिनियम भरपूर, आम्लात तो निघून जातो आणि अख्खी चौकट विरघळते.

मऊसूत
थोडा सर्फॅक्टंट घाला की. आमच्या रंगाच्या कारखान्यात पॉलिअ‍ॅक्रिलेटशिवाय पान हलत नाही. पिगमेंट एकदा सुटं झालं की लगेच त्याच्यावर पॉलिमर जाऊन बसला पाहिजे, नाहीतर सकाळी डबा उघडला की खाली दगड.

सीमापार
रंगाला अगदी बरोबर. पण निवळीचा पापुद्रा हेक्झेन आणि पाणी यांच्या सीमेवर तयार होतो. तिथे सर्फॅक्टंट आला की ती सीमाच बदलते आणि मग फरक झिओलाइटमुळे पडला की साबणामुळे, हे सांगता येणार नाही. मी नाही घालणार.

मऊसूत
हे माहीत नव्हतं. मग तुमचं काम आमच्यापेक्षा अवघड.

भिंगरी
डीएलएसबद्दल कुणीच बोललं नाही. प्रकाशाचं विखुरणं लहान कणांच्या बाबतीत व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतं. १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका उजेड फेकतो. म्हणजे नमुन्यात थोड्याच गुठळ्या असल्या तरी यंत्राला त्याच दिसतात. निवळीचे बरेचसे कण सुटेही झाले असतील. साका बसू दे, वरचं पाणी वेगळं मोज. आणि एकच सरासरी आकडा लिहू नकोस, पूर्ण वितरण बघ.

कोलॉइडवाला
+१. फार महत्त्वाचं.

प्रोबभक्त
मग प्रोब किती वेळ द्यायचा, ते तरी ठरवू. पेपरात नुसतं '३० मिनिटं' किंवा '४० टक्के अ‍ॅम्प्लिट्यूड' लिहिलेलं असतं, त्यातून काहीच कळत नाही.

सीमापार
मिनिटं सोडून द्या, ऊर्जा मोजा. थर्मामीटर पुरतो. १०० मिलिलिटर पाण्यात प्रोब लावा, भांड्याभोवती कापूस गुंडाळा, बर्फ नको. समजा दोन मिनिटांत १० अंश चढले. १०० ग्रॅम गुणिले ४.१८ गुणिले १०, भागिले १२० सेकंद, म्हणजे साधारण ३५ वॅट पाण्यात उतरतायत. यंत्रावर ५०० लिहिलेलं असलं तरी. मग पाच मिनिटांत १०० मिलिलिटरला साडेदहा हजार ज्यूल, मिलिलिटरला १०५. हा आकडा वहीत लिहा. दुसऱ्याच्या यंत्रावर तोच पुन्हा गाठता येतो.

नंतर खरं काम करताना बर्फात ठेवा, पाच सेकंद चालू, पाच सेकंद बंद. गार द्रवात बाष्पाचा दाब कमी, म्हणून बुडबुडा जोरात कोसळतो. गरम झाला की आत बाष्पाची गादी तयार होते आणि तडाखा बोथट होतो. प्रोबचं टोक दीड-दोन सेंटिमीटर आत, तळाला आणि काचेला न लागता. कानाला मफ लावा. २० किलोहर्ट्झ ऐकू येत नाही, पण बुडबुड्यांची किंकाळी येते. दर पाच मिनिटांनी थोडं काढून मोजा, आकार उतरायचा थांबला की बंद करा. त्यापुढे उष्णता आणि टकरींनी कण परत चिकटायला लागतात.

निवळी
आणि हेक्झेन? त्यात प्रोब घातला तर चालेल का?

सीमापार
नाही! अगदी कळकळीने सांगतेय. हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट उणे २२ अंशांच्या आसपास आहे. प्रोब तापतो, वाफ वर जाते आणि वर विजेचं यंत्र. तसं करून फायदाही नाही. हेक्झेनचं बाष्प इतकं की बुडबुड्याचा तडाखा पाण्याच्या मानाने मवाळच. फोडाफोडी सगळी पाण्यात उरकून घे. मग पाण्यातून आयसोप्रोपेनॉलमध्ये, तिथून हेक्झेनमध्ये, प्रत्येक वेळी सेंट्रिफ्यूज करून, मध्ये कधीही न वाळवता. हेक्झेनने शेवटी तीन-चारदा धू, कारण अल्कोहोल किंवा पाणी राहिलं तर ट्रायमेसॉइल क्लोराइड त्याच्याशीच जुळेल. पाण्याशी जुळताना हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, आणि आम्लात झिओलाइट-एचं काय होतं ते वर दादांनी लिहिलंच आहे. हेक्झेनमध्ये फक्त बंद व्हायल, बाथ, बर्फ, तेही फ्यूम हूडमध्ये आणि काही मिनिटंच.

हेक्झेनमध्ये विद्युतभाराचा आधार मिळत नाही, कणांना एकमेकांपासून दूर ठेवायला काहीच नसतं. खूप वेळ टिकवायचं असेल तर कणांवर लांब शेपटीचा सिलेन (पृष्ठभागाला जोडला जाणारा सिलिकॉनचा रेणू) बसवावा लागेल. त्याचं डोकं झिओलाइट-एच्या ०.४१ नॅनोमीटरच्या खिडकीतून आत जात नाही, त्यामुळे तो बाहेरच्या बाजूलाच बसतो. पण ते पुढचं पाऊल.

कोलॉइडवाला
टेम्प्लेट जाळायचाच असेल तर एक युक्ती आहे. ओल्या डिस्पर्शनमध्येच अ‍ॅक्रिलमाइड आणि क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना जोडणारं रसायन) घालून त्याची जेली करायची. कण जेलीत जागच्या जागी अडकतात. मग नायट्रोजनमध्ये तापवून जेलीचा कोळसा करायचा आणि शेवटी हवेत तो जाळायचा. कण एकमेकांना टेकायच्या आत मध्ये कोळशाची भिंत असते. अ‍ॅक्रिलमाइड विषारी आहे, हातमोज्यांशिवाय हात लावू नकोस.

आणि बाथच वापरणार असशील तर आधी त्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी मिनिटभर उभी धर. जिथे भोकं पडतील तिथे व्हायल लाव. बाथमध्ये सगळीकडे सारखा जोर नसतो.

तांबेरा
फॉइलचा फोटो मलाही बघायचाय.

निवळी
तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांची माफी मागून.

फॉइल आधी. आमच्या बाथमध्ये मधोमध काहीच नाही, पट्टी जशीच्या तशी. मी इतके दिवस व्हायल तिथेच ठेवत होते. डाव्या कोपऱ्याजवळ मात्र मिनिटाभरात टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि भोवती खरखरीत चट्टा. तांबेराकाका, त्यावर बोट फिरवलं तर खरंच कानशीसारखं लागतं. फोटो रात्री टाकते.

मग नवीन बॅच केली आणि ती एकदाही वाळवली नाही. जेलीची पद्धत दोनदा फसली, कारण ऑक्सिजन काढून न टाकल्यामुळे जेली धरलीच नाही. तिसऱ्यांदा नायट्रोजन सोडला तेव्हा जमली. जाळल्यावर पावडर इतकी हलकी निघाली की श्वासाने उडत होती, म्हणून मास्क लावून थेट डीआय पाण्यात घेतली. पीएच साडेनऊ, बर्फ, प्रोब, पाच सेकंद चालू पाच बंद. आमचा प्रोब पाण्यात २८ वॅट देतो, त्यावर ५०० लिहिलंय. मिलिलिटरला ८० ज्यूलपर्यंत आकार उतरत गेला, पुढे थांबला. डीएलएस १७०, झेटा उणे ४१. व्हायल दोन दिवस टेबलावर आहे, दुधाळ निळसर, आणि उजेडापुढे धरली की कडेला किंचित नारिंगी दिसते. साका नाही. एक्सआरडीचे पीक पहिल्याइतकेच उंच.

जुनी वाळवलेली पावडर त्याच पाण्यात, तेवढीच ऊर्जा देऊन करून पाहिली. चारशे तीसला अडकली. म्हणजे पाण्याने आणि प्रोबने मिळून निम्मा फरक पडला, पण उरलेला ओव्हननेच घालवला होता.

हेक्झेनमध्ये अजून वीसेक मिनिटांत खाली बसायला लागतं. पण पापुद्रा ओतायला मला चारच मिनिटं लागतात. कालच्या तीन पापुद्र्यांत डोळ्यांना ठिपका दिसला नाही. सेम गुरुवारी.

सीमापार
वा! निळसर छटा दिसली म्हणजे जिंकलीस. गुरुवारी कापलेली कडही बघ, नुसता वरचा पृष्ठभाग नको.

प्रोबभक्त
माझं एक्सआरडी आलं. दोन तासांनंतर पीक निम्म्यावर आणि खाली फुगवटा. पुढच्या बॅचपासून मीही वाळवणं बंद करतोय.

निवळी
एक शेवटचा प्रश्न. जुनी वाळवलेली बारा ग्रॅम पावडर बरणीत पडून आहे. करायला महिना गेला होता, टाकवत नाही.

कोलॉइडवाला
टाकू नकोस. काचेच्या नळीत कापसाच्या बोळ्यावर भर, तुमच्या त्या ३८० टीडीएसच्या पाण्यात सोड आणि एमएस्सीच्या मुलांना आधीचं-नंतरचं कॅल्शियम ईडीटीएने मोजायला लाव. तिथे गुठळ्या असलेल्याच बऱ्या, पाणी वाहतं राहतं.